मी पिंकी, गावासाठी बोंडअळी

मी गुलाबी अळी बोलतेय. नाव ऐकून तुमचा हात फवारणीच्या पंपाकडे गेला असेल, तर आधी तो मागे घ्या. मी कापडाची आहे. माझ्या पोटात कापूस आहे खरा, पण तो मी खाल्लेला नाही, माझ्यात भरलेला आहे.

माझा जन्म खामगावात, सईदभाई पिंजाऱ्यांच्या दुकानात झाला. गाद्या-उशा भरणं हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. गावाबाहेर 'मौजनगरी' नावाची मोठी खेळबाग नवीनच उघडली होती. तिथले मॅनेजर साहेब मोबाईलवर चित्र घेऊन आले. गुबगुबीत गुलाबी सुरवंट, बशीएवढे डोळे, गालभर हसू. मुलांना मिठी मारायला, हात हलवायला असं काहीतरी लागतंच, म्हणाले. साहेब पुण्याचे. सईदभाईंनी चष्मा वर सरकवून चित्र नीट पाहिलं.

"साहेब, हे त बोंडअळी हाय."

साहेबांना वाटलं, इकडे सुरवंटालाच तसं म्हणत असतील. तिचं नाव पिंकी ठेवलंय, एवढं सांगून ते निघून गेले.

ते दोन हजार सतरा साल होतं. बीटी बियाण्याला बोंडअळी लागतच नाही, असं ऐकून लोकांनी वर्षानुवर्षं तेच पेरलं, आणि त्या वर्षी बोंड फोडावं तर आत अळी. सईदभाईंच्या दुकानात तेव्हा कवडीच, म्हणजे अळीनं नासवलेला पिवळट कापूसच, फार येऊन पडली होती. चांगल्या गादीत ती चालत नाही, म्हणून ती सगळी माझ्या पोटात गेली. जिचं तिला दिलं, असं म्हणून ते स्वतःशीच हसले. मला त्यातलं काही कळलं नाही. आपण गोड दिसतो, एवढ्यावर मी खूश होते.

माझ्या आत शिरायला बुटकं आणि दमाचं माणूस हवं होतं. जवळच्या गावातल्या शेतकरी महादेवरावांची लेक प्रतीक्षा तशी सापडली. पोलीस भरतीसाठी ही पोरगी दोन वर्षं रोज पहाटे सडकेवर पळत होती. दमात कोणाला हार जाणारी नव्हती, पण भरतीत उंची मोजली तेव्हा एक सेंटिमीटर कमी भरली आणि सगळं पळणं पाण्यात गेलं. माझ्यात मात्र ती चपखल बसली.

घरी तिनं सांगितलं होतं की ती बागेच्या तिकीटखिडकीवर बसते. खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण बापाचं चार एकर उभं पीक याच अळीनं गिळलेलं, आणि पोरगी दिवसभर अळी होऊन नाचते, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? जेवणाच्या सुट्टीत माझं मुंडकं मांडीवर घेऊन ती भाकर खायची आणि समोरच्या तिकीटखिडकीकडे बघत राहायची. तिथं पंखा होता, खुर्ची होती, आणि बसणाऱ्याचं तोंड लोकांना दिसायचं.

जानेवारीत साहेबांनी मौजेची हाफ मॅरेथॉन काढली. बागेतून निघायचं, शेतरस्त्यानं गावांना वळसा घालायचा आणि एकवीस किलोमीटर पळून परत पाळण्यांपाशी यायचं. पिंकीही सगळ्यांबरोबर पळाली तर फोटो झकास येतील, असं साहेबांच्या डोक्यात आलं. प्रतीक्षानं विचारलं, पूर्ण पळाले तर तिकीटखिडकी द्याल का? साहेब लगेच हो म्हणाले. तिला पेलवेल असं त्यांना वाटलंच नसावं. तिनं मात्र मनात गाठ मारली. एकदा खिडकीवर बसलं की घरी सांगितलेलं खोटं आपोआप खरं होणार होतं. रस्ता तिच्याच गावावरून जाणार होता, पण मुंडक्याच्या आत कोण आहे ते कोणाला कळणार?

शर्यतीच्या दिवशी सकाळी अकोल्याचे, अमरावतीचे, पुण्याचे शेकडो लोक रंगीत बनियनी घालून निघाले. माझं वजन नऊ किलो. पाच किलोमीटरवर तिच्या घामानं माझं अस्तर भिजलं, दहावर तो घाम कवडीत उतरून मी आणखी जड झाले. तरी ती थांबली नाही. श्वास कसा मोजून घ्यायचा ते तिला ठाऊक होतं. इतकं सुंदर पळणं माझ्यासारख्या थोराड सोंगाच्या आत वाया चाललंय, याचं मला वाईट वाटत होतं.

सतराव्या किलोमीटरला तिचं गाव आलं. पाणी वाटायला आलेले गावकरी रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे वावरात काळ्या पडलेल्या बोंडांची कपाशीची झाडं, नुसत्या पराट्या. पंजाबराव नावाचे म्हातारे शेजारच्याला विचारत होते, "हे काऊन पळून राह्यले बे? मांगं कोणी लागलं काय?" लोक हसत होते. तेवढ्यात वळणावरून मी आले.

हसू थांबलं. कोणीतरी म्हणालं, बोंडअळी आली. पहिलं ढेकूळ पंजाबरावांनीच मारलं, थट्टेत. दुसरं दुसऱ्यानं, तिसरं तिसऱ्यानं, आणि मग त्यात थट्टा राहिली नाही. वर्षभराचा राग कोणावर काढायचा ते लोकांना सापडत नव्हतं. बियाणंवाले हाती लागत नव्हते, सरकारी साहेब लोक पंचनामा करून गेले होते. मी मात्र रस्त्यावर दोन पायांनी समोर आले होते.

एक माणूस काठी घेऊन धावला. त्यानं मला पाठीत दोन हाणल्या. प्रतीक्षा गुडघ्यांवर पडली. ते दोन्ही वार माझ्या कवडीनं झेलले, आयुष्यात माझ्या हातून झालेलं तेवढंच भलं काम. तो माणूस दातओठ खात पुढे आला आणि दोन्ही हातांनी त्यानं माझं मुंडकं उपटलं.

कपाशीत डोमकळी नावाचं फूल असतं. न उमललेलं, पाकळ्या चिकटलेलं. शेतकरी ते फोडतो, आत अळी निघते. महादेवरावांनी त्या साली अशा किती डोमकळ्या फोडल्या असतील. त्या सकाळी त्यांनी अळी फोडली, तर आत त्यांची लेक निघाली.

काठी हातातून गळली.

"तू त तिकिटावर बसते म्हनली होती."

"बसायसाठीच पळून राह्यली, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "चार किलोमीटर राह्यले. मुंडकं लावून द्या."

त्यांनी मुंडकं उचललं. मुंडक्याच्या नाडीची गाठ तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. मग ते तिच्यापुढे चालू लागले आणि गावाची हद्द संपेपर्यंत रस्त्यातली ढेकळं पायानं बाजूला सारत गेले.

प्रतीक्षानं शर्यत पूर्ण केली. पदक माझ्या गळ्यात पडलं, नाव पिंकीचं पुकारलं. मार खाण्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता, तो फोनाफोनांतून फिरला, लोकांनी पोट धरून हसून घेतलं. बागेतली गर्दी वाढली. साहेब म्हणाले, खिडकी तुझीच, पण पिंकी आता बंद ठेवता येणार नाही, तुझ्या जागी माणूस आण. तिनं चार गावं विचारली. बोंडअळीच्या पोटात जायला कोण तयार होणार?

आठव्या दिवशी महादेवराव आले. वावर त्यांनी दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं होतं. सईदभाईंनी टेप घेऊन त्यांची छाती मोजली, माझ्या दोन्ही कडा उसवून ढिल्या केल्या.

आता प्रतीक्षा खिडकीत बसते आणि बाप माझ्यात. माझा रंग उडालाय, एक डोळा लोंबतोय. तुम्ही पोराबाळांना घेऊन याल, तेव्हा माझी शेपटी ओढू नका, पाठीत थापा मारू नका. मारायचंच असेल तर आधी मुंडकं काढून आत कोण आहे ते बघा, एवढीच माझी विनवणी.

पिंकीनं बोलायचं नाही, असा बागेचा नियम आहे. परवा एका चिमुरडीनं माझ्या पोटाला मिठी मारून विचारलं, "पिंकी, तू काय खातेस गं?"

महादेवरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आतल्या आत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "वावर खाल्लं, बाई."