सोबतीचा चहा

कॉफी सोडायला सांगितली, याचा सरलाला राग आला तो कमीच. खरा राग आला तो कॉफीचा डबा नायगावला गेला याचा.

मुलगा कौस्तुभ आणि सून उन्नती शनिवारी आले, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, परत आणलं, तिच्याच हातचं जेवले आणि निघताना उन्नतीने फळीवरचा डबा उचलून पिशवीत टाकला. "समोर दिसला की मोह होतो, आई. आणि वाया कशाला घालवायचा? आमच्याकडे संपेल." म्हणजे जी कॉफी सरलाच्या जिवावर उठली होती, ती नायगावच्या टॉवरात सोळाव्या मजल्यावर कुणाला बाधणार नव्हती. सरला अंगणात उभी राहून गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली, कारण हात हलवायचा असतो. मग आत येऊन तिने रिकामी फळी पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, पीत होती तरी किती? दिवसाला एक कप. दुपारी चारला. कपभर दूध, चिमूटभर कॉफी, चमचाभर साखर आणि वरून जायफळ किसून. तो कप घेऊन ती मागच्या दारी पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसायची. समोर केळी, पलीकडे सोनचाफ्याच्या रांगा आणि कुंपणापलीकडे सुझानच्या कोंबड्या. कोणी हाक मारायचं नाही, आणि मारली तरी तिला ऐकू यायची नाही. या घरात भात शिजायचा तो दहा जणांचा, भाजी व्हायची ती कोण येईल न येईल या हिशेबाने. फक्त एका माणसासाठी चुलीवर चढायचं असं काही नव्हतंच, ही कॉफी सोडली तर.

आणि तीच सोडायची.

धडधड होत होती, हे खरं होतं. ते काही तिने नाकारलं नव्हतं. गेले दोन-तीन महिने नुसती बसलेली असली तरी मधेच छातीत कोणीतरी दार ठोठावावं तसं व्हायचं. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. सकाळी आंबट ढेकर. डॉक्टर हेमांगीबाईंनी हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "चहा-कॉफी किती?"

सरलाने तोंड उघडायच्या आत कौस्तुभ बोलला. "चहा नाही घेत ती. पण कॉफी मस्ट आहे तिला. रोज. अगदी ॲडिक्शन म्हणा ना."

"चहा मला आवडतच नाही," सरलाही म्हणाली. खोटं नव्हतं ते. चहाचा वाससुद्धा तिला कधी गोड लागला नव्हता.

"मग महिनाभर कॉफी बंद करून बघू," डॉक्टर म्हणाल्या. "धडधड कमी झाली तर उत्तमच. नाही झाली तर गोळी सुरू करावी लागेल, आणि ती मग चालूच राहील."

झालं. घरी आल्यावर नवऱ्याने, काशिनाथने, ही बातमी ऐकून मान डोलावली. "सोडून टाक. त्यात काय एवढं? मी नाही सोडला चहा? मनात आणलं की होतं."

काशिनाथच्या चहा सोडण्याची कथा आळीत पोराटोरांना पाठ होती. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याआधी तो जेवणाऐवजी चहावर जगणारा माणूस. डॉक्टरांनी चहा बंद म्हटलं आणि त्या दिवसापासून त्याने थेंबाला तोंड लावलं नाही. देवळाच्या सभेत अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं, "मनोनिग्रह बघायचा असेल तर काशिनाथरावांकडे बघा." बायका सरलाला म्हणायच्या, "भाग्याची हो तू." सरलाही तेव्हा मान वर करून चालायची. नवरा वाचला होता. कशाने का असेना, वाचला होता.

आता तोच मनोनिग्रह उपदेश होऊन रोज तिच्या पानात पडू लागला.

पण तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. बंद म्हणता ना, बंद! चार वाजले की ती मुद्दाम भांडी घासायला बसायची. डोकं दुखायचं, कपाळावर सुंठ लावायची. उन्नतीचा रोज फोन. "आई, फरक वाटतोय का? मी वाचलं, कॅफिन बॉडीतून जायला वेळ लागतो." तिच्या मागे कपाची बशीवर किणकिण ऐकू यायची. सरला म्हणायची, "बघू." मनात म्हणायची, माझ्याच डब्यातली पितेस ना गं?

फरक काडीचा पडला नाही. उलट धडधड वाढली. पायरीवर बसण्याचा वेळ मोकळा झाला, तोही पाहुण्यांत जाऊ लागला. महिना संपायची वाट न बघता तिने एके दिवशी रिक्षा केली आणि एकटी पारनाक्याला डॉक्टरांकडे गेली. मुलगा नको, सून नको. निदान स्वतःचं दुखणं तरी स्वतःच्या तोंडाने सांगू दे.

"बाई, कॉफी बंद केली. अगदी शपथेवर. तरी होतंय."

हेमांगीबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं करा काकू, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. घाई नाही."

सरलाने सांगायला सुरुवात केली. पहाटे फुलं तोडायला बाया येतात, त्यांना चहा टाकते. उजाडलं की करंड्या न्यायला टेम्पोवाला येतो, तो आल्या पावली जात नाही. मग दूधवाला, हा लांबचा भाचाच लागतो. मग ह्यांच्याकडे देवळाच्या कामाची माणसं. दुपारी केळीचा व्यापारी. सुझान येते पंपाच्या वायरचं बोलायला. संध्याकाळी आल्यागेल्याचा काही नेम नाही, वाडीतलं घर म्हणजे असंच.

"या सगळ्यांना चहा?"

"मग? तसंच कसं पाठवायचं?"

"आणि तुम्ही?"

"मी आपली सोबतीला घोटभर घेते."

"घोटभर म्हणजे?"

"म्हणजे असेल की अर्धा कप. कधी पाऊण. पाहुण्याच्या एकट्याच्याच हातात कप द्यायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. घरचं कोणीतरी सोबत घेऊन बसायचं. नाहीतर पी आणि नीघ, असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. सासूबाई तर म्हणायच्या, एकटा कप द्यायचा असेल तर पाणी पण देऊ नका."

"आणि हे रोज? प्रत्येकाबरोबर?"

"रोज. प्रत्येकाबरोबर."

डॉक्टरांनी मागचा कागद उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "काकू, मागच्या वेळी तुम्ही मला चहा घेत नाही म्हणालात."

"घेतच नाही! तो माझा थोडाच आहे? तो त्यांचा."

"पोटाला काय कळणार, कोणाचा चहा आहे ते?"

सरलाला स्वतःचंच नवल वाटलं. अशी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं आपल्या डोक्यात शिरली नाही. चहा ती पीत नव्हती, देत होती. देताना जो आपल्या पोटात गेला, तो तिने कधी हिशेबात धरलाच नव्हता. कौस्तुभने धरला नव्हता. घरात कोणीच धरला नव्हता. एक कॉफी तेवढी डोळ्यावर आली, कारण ती तिच्या एकटीची होती.

"दोन्हीतलं एक ठेवा," हेमांगीबाई म्हणाल्या. "एक कप कॉफीला माझी हरकत नाही. पण मग सोबतीचा चहा पूर्ण बंद. किंवा सोबत सांभाळायची असेल तर दिवसात एखाद्याबरोबर घ्या आणि कॉफी सोडा. काय ते तुम्ही ठरवा."

परत येताना रिक्षात तिने विचार केला. चहा ठेवला आणि कॉफी सोडली, तर जग खूश. मुलगा खूश, सून खूश, नवरा म्हणणार शाब्बास. कॉफी ठेवली आणि चहा सोडला, तर घराला बोल लागणार. काशिनाथच्या घरी हल्ली एकट्याच्या हातात कप देतात, हे देवळापर्यंत जायला एक दिवस पुरे. आणि बोल काशिनाथला नाही, तिलाच लागणार. बाईने घराची रीत बुडवली.

मग रिक्षा गास गावाच्या वळणावर आली आणि तिला आणखी एक गोष्ट आठवली. पूर्वी ती कुठे बसत होती पाहुण्यांबरोबर? ती चहा करून द्यायची आणि आत जायची. सोबतीला बसायचा तो काशिनाथ. कप त्याचा असायचा. ऑपरेशन झालं, त्याने चहा सोडला, आणि त्याच आठवड्यात पहिला पाहुणा आला तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "सरले, त्याला चालत नाही, तू बस." ती बसली. तेव्हापासून बसतेच आहे.

म्हणजे त्याने सोडलेला चहा कुठे हवेत विरला नव्हता. तो तिने प्यायला होता. कप न् कप. त्याच्या मनोनिग्रहाचे सत्कार झाले, आणि त्याची धडधड हिच्या छातीत येऊन बसली. रिक्षात बसल्या बसल्या तिला असा संताप आला की रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "काकी, उतरायचंय का इथे?"

"नाही," ती म्हणाली. "आधी किराणा दुकानाशी थांबव." आणि तिने कॉफीचा नवा डबा घेतला.

घरी पोचली तर ओसरीवर जयवंत बसलेला. काशिनाथचा धाकटा चुलतभाऊ, आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. मुलीच्या साखरपुड्याचं सांगायला आला होता. "वहिनी, तुमचीच वाट बघत होतो. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणून दादाने बसवून ठेवलंय."

"ठेवणारच," सरला म्हणाली.

तिने एका शेगडीवर चहा टाकला, दुसरीवर बारीक आचेवर दूध. चहा एक कप. ट्रेमध्ये तो एकच कप ठेवून ती बाहेर आली आणि तो जयवंतसमोर ठेवला. जयवंतने कपाकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या हातांकडे. कप उचलला नाही.

"तुमचा कुठाय, वहिनी?"

"मी चहा सोडला, भाऊजी."

काशिनाथने खाकरून तिच्याकडे रोखून पाहिलं. "अगं, घोटभर घे ना. तो काय रोज येतो?"

"रोज कोणी ना कोणी येतंच. तुम्ही बसा की सोबतीला."

"मला चालत नाही, माहीत आहे ना तुला?"

"मलाही चालत नाही. आत्ताच डॉक्टरकडून आले." आणि मग तिला थांबवेना. "तुम्ही चहा सोडलात, तो गेला कुठे, कधी विचारलंत? मी प्यायला तो. ह्या ओसरीवर बसून. तुमच्या प्रत्येक माणसाबरोबर. तुमचा शब्द राहावा, तुमच्या घराला नाव राहावं म्हणून. आणि माझी एक कप कॉफी तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यात खुपली!"

जयवंत जमिनीकडे बघू लागला. चहावर साय धरली. काशिनाथच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला. तो उठला, आत गेला. सरलाला वाटलं, आता रुसून खोलीत पडणार. पण तो परत आला तो हातात कप घेऊन. कपात नुसतं गरम पाणी. तो जयवंतशेजारी बसला आणि म्हणाला, "घे रे. मी आहे सोबतीला."

जयवंतचा चेहरा असा उजळला! त्याने कप उचलला, मोठा घोट घेतला आणि म्हणाला, "वा दादा! याला म्हणतात घरंदाज माणूस. पाहुण्याचा मान राखायला गरम पाणी घेऊन बसलास. आमच्या बिल्डिंगीत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. वहिनी, नशीब काढलंत हां."

आणि काशिनाथ चक्क लाजला. मान खाली घालून हसला.

सरला आत गेली. दूध उतू जायच्या बेतात होतं. तिने कॉफी टाकली, साखर टाकली, जायफळ किसलं, आणि आज ती पंपाच्या पायरीवर गेली नाही. कप घेऊन ओसरीवर आली, खुर्ची ओढून दोघांच्या मधोमध बसली.

"भाऊजी, दहा-बारा वर्षं मी चहा घेऊन बसत होते. तेव्हा हे असं कोणी म्हणालं नाही मला."

जयवंत गोंधळला. "पण वहिनी, तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला तर चहा आवडतोच ना?"

सरलाने काशिनाथकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार. हे तरी तो सांगेल, असं तिला वाटलं.

"हो ना," काशिनाथ जयवंतला म्हणाला. "हिला पहिल्यापासून चहाचं वेडच."

"मला चहा आवडत नाही," सरला म्हणाली. "कधीच आवडला नव्हता. लग्न होऊन आले त्या दिवशीही नाही, आणि आजही नाही."

दोघे भाऊ आपापल्या कपात बघत बसले, आणि सरलाने आपली कॉफी गरम होती तोवर पिऊन टाकली.