पडदा धरायला दोघं

“भावोजींना सांग, त्यांची बाजू दोन बोटं वर घ्या म्हणावं,” स्टुलावर उभा असलेला भाऊ छताकडे बघत बहिणीला म्हणाला.

त्याचे भावोजी, म्हणजे तिचा नवरा, समोरच्या टेबलावर चढून प्रोजेक्टरच्या गुंडाळलेल्या पडद्याचं दुसरं टोक डोक्यावर धरून उभा होता. दोघांमध्ये त्या लांब पांढऱ्या नळीएवढंच अंतर होतं. तरी तिने निरोप पोचवला.

“अहो, दोन बोटं वर.”

“त्याला सांग, ऐकू आलं.”

वर्षभर हे असंच चाललं होतं. या घरात राहायला यायच्या दिवशी भाऊ टेम्पो घेऊन उशिरा, चांगलं ऊन डोक्यावर आल्यावर पोचला होता. सामानाच्या ढिगात बसून वैतागलेल्या नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, “तुझ्या भरवशावर राहिलो, हेच चुकलं.” बोलणं तेवढंच, पण ते हमालांसमोर झालं. भावाने मुकाट्याने कपाट वर चढवलं आणि अबोला धरला. नवरा तरी कुठे कमी होता? मेहुण्याशी आपणहून बोलायचं म्हणजे त्याला कमीपणा. मधल्या मधे हिचं टपालखातं झालं. एक पाठचा भाऊ, एक जन्माचा जोडीदार. तिला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. दोघं एकमेकांशी बोललेले हवे होते, बस्स.

म्हणून तर पडदा टांगायला तिनेच भावाला बोलावलं होतं. भोकं पाडून झाली, दोघांच्या केसांवर चुना सांडून झाला, नळी छताला टेकली.

“स्क्रू दे गं,” नवरा म्हणाला. टेबलावर चढताना पाकिटातले चार त्याने तिच्याकडे दिले होते.

तिने मूठ घट्ट केली. “अगंबाई, कुठे ठेवले मी? थांबा हं, खाली घेऊ नका. पुन्हा सगळं जुळवत बसावं लागेल.”

आणि ती स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजशेजारी उभी राहिली. स्क्रूंची टोकं तळव्याला टोचत होती. शोधतेय असं वाटावं म्हणून तिने दोन डबे वाजवले.

मग बाहेर नवरा खाकरला.

“हिला ठेवलेली वस्तू कधी आठवेल तर शपथ.”

तो हे कुणाला म्हणाला ते कळायला मार्ग नव्हता.

“लहानपणापासूनच,” भाऊ म्हणाला. “पायात चप्पल घालून चप्पल शोधायची घरभर.”

नवरा खो खो हसला. चपलेची गोष्ट साफ खोटी होती, पण आज तिने भावाला सगळं माफ केलं.

“हात भरून आलाय रे माझा.”

“सोडा जरा. मी धरतो.”

“एकट्याला पेलेल?”

“सोडा तर खरं.”

ती पाय न वाजवता दाराशी आली. भावाने एक हात नळीच्या मध्यापर्यंत लांबवला होता. नवऱ्याने अजून सोडलं नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला. “सोडतो मग. तुझ्या भरवशावर.”

भावाचे कान लाल झाले आणि त्याने नळी छताला आणखी घट्ट रेटली. नवरा दंड चोळत राहिला. तिला रडू आलं. मनगटाने डोळे पुसून ती मोठ्याने ओरडली, “सापडले हो!”

पडदा बसला. किंचित तिरका, पण खाली ओढला तेव्हा भिंतभर पसरला. नवरा टेबलावरून उतरायला वाकला आणि त्याच्या शर्टाच्या पातळ खिशातून काहीतरी फरशीवर खणखणलं. चार स्क्रू. पाकिटातले उरलेले.

“अहो, हे खिशातच होते?”

“विसरलोच की,” नवरा पडद्यावरची नसलेली सुरकुती सारखी करत म्हणाला.

भावाने खाली उतरून एकेक स्क्रू वेचला आणि नवऱ्याच्या खिशात परत टाकला.

“असू द्या, भावोजी,” तो म्हणाला. “मला समोरून मघापासून दिसत होते.”