रवळनाथाची डावी बाजू

खोलीत तांदळाच्या अठरा गोण्या होत्या, तूरडाळीचे बेचाळीस पुडे, तेलाचे एकोणचाळीस डबे, त्यातला एक गळका, आणि एक रवळनाथ. अपेक्षाने वहीत देव सोडून सगळं लिहिलं.

लालबागच्या या चाळीतलं भजनी मंडळ लॉकडाऊनमध्ये पाच घरांना डबे देऊ लागलं. आता रे रोडपासून शीवपर्यंतचे अर्ज यायचे. कोणाला शिधा द्यायचा यावरून भजनापेक्षा भांडणं मोठ्याने व्हायला लागली, तेव्हा मंडळाच्या हरेश्वरअण्णांनी गावची रीत काढली: कौल. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवाशी कोण भांडणार?

दाते वाढले, गोण्या वाढल्या, घेणारी घरं मात्र घटत चालली. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेल्या अपेक्षाला हे खटकलं आणि तिने कौलांची जुनी वही काढली.

आज दारात दुर्गा बसली होती. दादरला मासे विकायची. नवरा पक्षाघाताने सहा आठवडे इस्पितळात, टोपली बंद, घरात दोन मुलं. पाकळ्या लावून अण्णा हात जोडणार, एवढ्यात अपेक्षा म्हणाली, "अण्णा, थांबा. हा पंखा कधी आला?"

"मार्चात. देवाक उकडता म्हणून एकान दिलो. बोर्ड डाव्या बाजूक, म्हणून थंयच ठेवलो."

"मार्चआधी चौदा हो, तेरा नाही. मार्चनंतर दोन हो, पंचवीस नाही. त्या दोन्ही वेळी लाइट गेली होती. डावी पाकळी वाऱ्याने आधी सुकून पडते, दुसरं काही नाही."

"देवाक शिकवतंस काय गो तू?"

"देवाला नाही. पंख्याला."

दुर्गा तोंडाला पदर लावून हसली.

अण्णांनी जोडायला उचललेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "बंद कर तर."

"बंद केला तरी दुर्गाताईंना 'नाही' येण्याची निम्मी शक्यता उरतेच. नाणं उडवल्यासारखं."

अण्णांनी दुर्गाकडे पाहिलं. "पोरां जेवली काय गो?"

"सकाळी चहा-बटर. आता शेजारणीकडं बसवलीत."

अण्णा उठले. पाकळ्या काढल्या, पंखा उचलला. "एक्स्टेंशन खंय ठेवलंस?"

"अण्णा, ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? मार्चपासून एकाच कुशीक वारो. दुसरी कूस भाजान निघाली असतली त्याची."

अपेक्षाने एक्स्टेंशन दिलं. पंखा उजवीकडे गेला. मागचे पंचवीस नाकारलेले अर्जही बाहेर काढण्यात आले, कारण देवाला पुन्हा विचारू नये असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. अपेक्षाने मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं.

त्या दुपारी सव्वीस कौल लावले. उजवी आधी: सव्वीस. डावी आधी: शून्य. सरासरी वेळ, चार मिनिटं दहा सेकंद.