कचरा एक, मागे फिरा

"दादा, तुमच्या या बोटीला ब्रेक कुठे असतो?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. "विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून भोंगा नाही, पिपाणी म्हणू तुला!" भोंगा हे प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचं बंदरावरचं नाव. आवाजच तसा! शर्यतीच्या आदल्या दिवशी शाळेतली मुलं धक्क्यावर बोटी बघायला आली होती. मागच्या शर्यतीचा विजेता काळा चष्मा लावून सह्या देत होता. बाकीच्या मुली वह्या पुढे करून लाजत होत्या. हिने थेट प्रश्नच टाकला.

तो हसला. "ब्रेक नसतोच."

"मग समोर काही आलं तर?"

"समोर काही येत नाही. रस्ता मोकळा केलेला असतो."

"कोण करतं मोकळा?"

त्याने वर, काचेच्या टॉवरकडे बोट दाखवलं. भोंगाने जोरात मान हलवली आणि धक्क्याच्या अगदी कोपऱ्यात बांधलेल्या माझ्याकडे हात केला. "ती करते. ती आणि माझी आई."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नाक मुरडलं तेही मला दिसलं. पण राग नाही आला. सवय आहे.

मित्रांनो, मी एक जुनी कचराबोट आहे. एखाद्या झकास कारखान्यात माझा जन्म झाला असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मी जन्मले दुरुस्तीच्या शेडमध्ये. एका मोडक्या मालहोडीचा तळ, दुसऱ्याच कुठल्या तरी बोटीचं इंजिन आणि पुढे लोखंडी जाळीचं हे एवढं रुंद तोंड, त्याला खाली दात. मला पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा वेल्डर म्हणाला, "रूप नाही, पण भूक आहे."

भूक तर होतीच. बंदरात जे जे तरंगेल ते मी खाल्लं. बाटल्या, थर्माकोल, फाटकी जाळी, चपला. चपला नेहमी एकेकट्या. जोडीतली दुसरी कुठे जाते हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एकदा तर अख्खा सोफा सापडला! तो तोंडात धरून मी इतक्या ऐटीत परतले की फेरीबोटीतले लोक नाकावरचा रुमाल काढून बघत राहिले. बाकी रोज मात्र रुमाल नाकावरच. मला बघितलं की फेरीतली आई मुलाला सांगायची, "त्या बाजूला बघू नकोस." त्या मुलाने नुकतीच पाण्यात टाकलेली पिशवी मी तेव्हा उचलत असायची.

भोंगाची आई माझ्या सुकाणूवर आली आणि माझे दिवस पालटले. तिला सगळा धक्का ताई म्हणतो. बाई बोट चालवणार म्हटल्यावर मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरचे लोक खिदळले. "चला, आता बंदर घरासारखं झाडलं जाणार!" ताई म्हणाली, "झाडते ना. तुमच्या टगवरून रोज पडतं ते आधी झाडते." त्यानंतर कुणी खिदळलं नाही. तिने मला साबणाने धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा! बसायला घरची उशी आणली. ती उशी आली तेव्हा मला वाटलं, चला, आता आपण कुणाच्या तरी झालो.

ताईचा नवरा टॉवरमध्ये कामाला. कुठल्या बोटीने निघायचं, कुणी थांबायचं, कुणी कुणाला वाट द्यायची, हे सगळं तो वायरलेसवर सांगतो. वायरलेसवर माझं नाव 'कचरा एक'. कचरा दोन कधी आलीच नाही. घरी ही दोघं कशी बोलतात ते मला माहीत नाही, पण वायरलेसवर एकदम कडक. "कचरा एक, फेरीला वाट द्या." "दिली, टॉवर." कधीतरी मात्र ताईच्या तोंडून चुकून "अहो" निघायचं, आणि मग दिवसभर बंदरातली प्रत्येक बोट टॉवरला हाक मारायची, "अहो, आम्ही निघू का?" बिचारा लाल होत असणार वर बसून.

असं चाललं होतं. मग मी म्हातारी झाले. इंजिन खोकायला लागलं. बंदराच्या मोठ्या साहेबांनी मला भंगारात काढायचं ठरवलं. नवी बोट घेणार नव्हते. म्हणजे मी गेले की ताईचं कामही गेलं.

तेवढ्यात शर्यत ठरली.

या शर्यतीच्या बोटी, मित्रांनो, पाण्यावर चालतच नाहीत! खाली दोन पातळ पाती तेवढी पाण्यात, बाकी शिडासकट अख्खी बोट हवेत. डोळा लवायच्या आत या टोकाहून त्या टोकाला. पण त्या वेगात पाण्यातली साधी फळी जरी लागली तरी पातं मोडतं आणि बोट माणसांसकट उलथते. म्हणून बंदराचा मधला मार्ग शर्यतीच्या वेळी बंद. फेरी आधी किंवा नंतर. मच्छिमार बोटींनी आपल्या जागी थांबायचं. प्रेक्षकांच्या होड्या नारिंगी फुग्यांच्या रांगेपलीकडे, आणि कुणी पुढे सरकलं की शिट्ट्या मारत गस्तीची बोट हजर. हे सगळं टॉवर बघणार. आणि पाणी कोण विंचरणार? मी!

अचानक मी महत्त्वाची झाले. आयोजकांनी मला पिवळाधमक रंग दिला. साहेब स्वतः माझ्यावर उभे राहिले, फोटो काढला. ताईने विचारलं, "साहेब, मग हिचं काय?" साहेब म्हणाले, "शर्यत नीट पार पडू दे. मग बघू."

'बघू' या शब्दावर माणसं किती दिवस काढतात! ताईने त्याचा अर्थ 'ठेवू' असा लावला. मी पण.

शर्यतीचा दिवस. वरच्या नदीला पाणी आलं होतं आणि नदीने आपल्याबरोबर काय काय आणलं होतं. मी सकाळपासून पाणी विंचरत होते. फेरीला उशीर झाला, ती मार्गातून जाईपर्यंत मला थांबावं लागलं, आणि माझं काम अर्ध्यावर असतानाच टॉवर बोलला, "कचरा एक, बाहेर या. मार्ग बंद होतोय."

"टॉवर, नदीकडचा भाग राहिलाय."

"बाहेर या. सुरुवात पुढे ढकलता येणार नाही."

आम्ही फुग्यांबाहेर येऊन उभ्या राहिलो. धक्क्यावर माणसांची ही गर्दी. भोंगा मैत्रिणींबरोबर कठड्यावर चढून ओरडत होती, तिचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येत होता. बंदूक वाजली. पांढरी शिडं वाकली आणि बोटी हवेत उचलल्या गेल्या. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. मी सुद्धा बघत राहिले.

ताई मात्र पाणी बघत होती. सगळीकडे लाटांच्या बारीक रेघा, आणि एका जागी रेघ नव्हती. गुळगुळीत डाग. पाणी पिऊन जड झालेला ओंडका असाच असतो, अंगभर बुडालेला, डोकं जेमतेम पाण्याशी. उंचावरून तो दिसत नाही. माझ्यासारख्या बुटकीवरून दिसतो. डाग फुग्यांच्या आत सरकत चालला होता.

"टॉवर, कचरा एक. मार्गात ओंडका आहे. बुडालेला. शर्यत थांबवा."

"कचरा एक, इथून काही दिसत नाही."

"इथून दिसतोय."

टॉवरचा वायरलेस चालूच राहिला होता. मागून साहेबांचा आवाज आला, "कॅमेऱ्यात आहे का? नाही ना? मग सगळं जग बघत असताना थांबवू?"

"कचरा एक, जागेवर थांबा."

"अहो, ती पोरं वळून इकडेच येणार आता!"

एकही बोट हसली नाही.

"कचरा एक, मागे फिरा." आवाज त्याचाच होता. "मागे फिरा."

ताईने वायरलेस उशीवर ठेवला आणि माझं इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

मी खोकत खोकत धावले. फुग्यांची रांग ओलांडली. गस्तीच्या बोटीच्या शिट्ट्या, लोकांचा आरडाओरडा. मग माझ्या दातांना तो लागला. आयुष्यभर ओंडके उचललेत मी, ते वजन ओळखायला मला डोळे लागत नाहीत. ताईने जाळी वर घ्यायला सुरुवात केली तोच वळणावरून पहिली बोट आली, काळ्या चष्मेवाल्याची. समोर अचानक पिवळं काहीतरी आडवं! त्याने बोट वळवली. पातं पाण्याबाहेर आलं, शीड पाण्यावर आपटलं. त्या लाटेने मी जवळजवळ कलंडले. ओंडका तोंडातून निसटला आणि खाली गेला.

काळ्या चष्मेवाल्याचा खांदा मोडला. बोटीचं शीड फाटलं. शर्यत रद्द झाली. मी आडवी गेले नसते तर तो त्याच वेगात ओंडक्यावर गेला असता. पण जो अपघात झाला तो सगळ्यांनी पाहिला. जो झाला नाही, तो कुणाला दाखवणार?

चौकशी करणारे मला बघायला धक्क्यावरच आले. पाणबुडे उतरवले होते. ते वर येऊन म्हणाले, "तळाला ओंडके ढिगाने आहेत. यांचा कुठला म्हणायचा?" ताईने माझ्या दातांत अडकलेली ओली साल काढून दाखवली. चौकशीवाला म्हणाला, "ताई, तुमची बोट रोज लाकडंच उचलते." खरंच होतं ते.

मग त्यांनी तिच्या नवऱ्याला पुढे बोलावलं.

"तुम्ही यांना मागे फिरायला सांगितलं होतं?"

"हो."

"त्यांनी ऐकलं?"

"नाही."

"ओंडका तुम्हाला दिसला होता?"

तो ताईकडे बघत होता. "टॉवरवरून तसा ओंडका दिसत नाही, साहेब."

"दिसला की नाही, तेवढंच."

"नाही."

एकही शब्द खोटा नव्हता, मित्रांनो. खोट्याशी भांडता येतं.

ताईचं काम गेलं. माझं भंगार ठरलं. आता मी चिखलाच्या बाजूला बांधलेली आहे. पिवळ्या रंगाचे पोपडे निघतायत. मी थांबल्यापासून बंदरातला कचरा कुणीच काढत नाही, आणि गंमत बघा, वारा तो बरोबर माझ्याभोवतीच आणून लावतो. बाटल्या, पिशव्या, आणि हो, एकेकट्या चपला. तोंडासमोर ताट आणि तोंड उघडायला इंजिन नाही. तुम्हाला काही सांगायचा मला हक्क आहे का, माहीत नाही. तरी सांगते. पाण्यात काही टाकताना एक क्षण थांबा. ते जातं कुठे, हे बघणारं आता इथे कुणी उरलेलं नाही. आणि कुणी खालून ओरडून सांगत असेल की मला दिसतंय, तर निदान खाली उतरून बघा. तुम्ही बघाल, असं मला वाटतं का? नाही. पण सांगायचं काम माझं.

काल ताईच्या घरची तिघंही आली होती. उद्या मला कापणार, म्हणून ताईला उशी आणि तिचा डबा न्यायचा होता. आल्या आल्या तिने सवयीने जाळीतली पिशवी काढली. काढली आणि कुठे ठेवायची ते न कळून हातातच धरून राहिली.

भोंगाचे बाबा म्हणाले, "साहेबांनी बोलावलं होतं. शर्यतवाले बंदरातल्या मुलांसाठी शिडाच्या बोटींची शाळा काढतायत. राहणं, खाणं, शिकणं, सगळं त्यांचं. हिचं नाव पहिलं घालतो म्हणाले."

ताईचा चेहरा उजळला. "आणि?"

"आणि तू धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणायचं की नजरचूक झाली. ओंडका नव्हताच."

पाणी माझ्या अंगावर चुबुक चुबुक वाजत होतं. भोंगा त्या बोटींसाठी किती वेडी आहे हे सगळ्या धक्क्याला माहीत आहे. वर्गातल्या बाकावर तिने शिडं कोरली होती, त्यासाठी शिक्षाही झाली होती.

"म्हणेन की," ताई म्हणाली. "एवढंच ना? म्हणेन. पोरीचं तरी भलं होईल."

"आई!"

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय."

"तू पाहिला होतास की नव्हतास?"

ताई पिशवीची घडी घालत राहिली. "पाहिला होता. मी पाहून काय उपयोग झाला?"

बाबा खाली वाकून म्हणाले, "हे बघ बाळा, तू नाही गेलीस म्हणून ही बोट वाचणार नाही. आईचं काम परत मिळणार नाही. काहीच बदलणार नाही. निदान तू तरी जा."

"माहितीये मला. काहीच बदलणार नाही."

मग ती माझ्या गंजलेल्या कठड्यावर चढली. टगवरची माणसं वळून बघायला लागली, आवाजच तेवढा होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी त्या शाळेत जाणार नाही. आणि आई, तू कुणासमोर काहीही म्हणणार नाहीस. ओंडका होता."