पुढचा अर्धा भाग

"पेट्रोल किती पिते ही?" रोहानीने कमरेत वाकून गाडीखाली विचारलं.

गाडीखालून वेंगच्या दोन चपला आणि पुठ्ठ्याची एक कड तेवढी दिसत होती. उत्तर दिलं ते गाडी विकणाऱ्या बूनने. "मांजर दूध पितं तेवढं, ताई. बशीभर."

"तुम्हाला नाही विचारलं. मी सिफूंना विचारलं."

"लिटरला दहा किलोमीटर," खालून आवाज आला. "बूनसारखं चालवलंत तर सात."

रोहानीने वहीत दहा लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात सात. बत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेल्या बाईची ती वही होती. समासाची रेघ, अनुक्रमांक, शेवटी शेऱ्याचा रकाना. एप्रिलमध्ये ती निवृत्त झाली. नवरा हमदान दोन वर्षांपूर्वी गेला. जन्मभर ती त्याच्या स्कूटरवर मागे बसून मलेशियातल्या इपोह शहरभर फिरली, त्याच्या पाठीआड, त्यामुळे समोरचा रस्ता असा तिने फारसा पाहिलाच नव्हता. पन्नाशीनंतर ती गाडी शिकली. आता तिला पुढे बसायचं होतं, हातात चाक धरून, डोक्यावर छप्पर नसताना. बूनच्या आवारातली ही सव्वीस वर्षांची, गडद हिरवी, दोन आसनांची जपानी गाडी तिने तीनदा येऊन पाहिली होती. चौथ्यांदा येताना वेंगला घेऊन आली.

वेंगला सगळे सिफू, म्हणजे उस्ताद, म्हणत आणि त्याचा धंदा एवढाच होता. जुन्या स्पोर्ट्स गाड्या विकत घेण्याआधी लोक त्याला दाखवत. त्याने हो म्हटलं की गाडी त्याच दिवशी आवारातून जायची, नाही म्हटलं की वर्षभर उन्हात वाळायची. म्हणून बूनने सकाळीच त्याच्यासाठी पिशवीतली कॉफी आणून ठेवली होती. पिशवी कुंपणाच्या खिळ्याला लटकत होती, नळीसकट. वेंगने तिला हात लावला नव्हता.

तो पुठ्ठ्यावरून घसरत बाहेर आला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. सहासष्ट वर्षांचा, काटकुळा, डावखुरा माणूस. "लिहा," तो म्हणाला. "क्लचचा खालचा सिलिंडर गळतोय. तो बदलला की वरचा महिन्याभरात जातो, म्हणून दोन्ही एकदम बदलायचे. दुसरा गिअर थंड असताना कुरकुरणार. तेल गरम होईपर्यंत पहिल्यावरून तिसऱ्यावर जायचं. काचा वर चढताना कण्हतात, आतली तार तुटायला आलीय. टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद नाही."

"कागद हरवला असेल," बून म्हणाला.

"कागद नाही म्हणजे बदललेला नाही. टायर रुंद आहेत, दर दोन वर्षांनी चार. विमा कंपनी एवढ्या जुन्या गाडीला नाकं मुरडणार. पुआन," त्याने अदबीने बाईसाहेब म्हटलं, "पेन्शनीत हे बसतं का बघा."

"पेन्शनीचं मी बघते. तुम्ही गाडीचं बघा." रोहानीचं पेन चालूच होतं. "माझ्या हमदानची यादी याहून मोठी होती. साखर, गुडघे, घोरणं, शिवाय धाकटा भाऊ. तरी एकतीस वर्षं चालवला."

बून मनापासून हसला. वेंगही थोडा हसला. "छपराचं पाणी जायला सीटमागे दोन नळ्या असतात," तो म्हणाला. "त्यात पानं अडकतात. मग पाणी आत उतरतं आणि दाराखालचा पत्रा आतून गंजतो. सगळ्या उघड्या गाड्यांचं ठरलेलं दुखणं आहे. किती ओलं आहे ते बघतो."

गाडीत न बसता तो दारातून आत झुकला आणि सीटमागचा गालिचा उचलला. गालिच्याखाली हात फिरवल्याशिवाय तो कुठल्याच गाडीत बसत नसे. लोकांना वाटायचं, ओल बघतो. ओल होतीच. बोटांना आधी पाणी लागलं, मग डांबराचा थर, आणि डांबराखाली एक उंचवटा, या दारापासून त्या दारापर्यंत गेलेला. वेंगने नखाने डांबर खरवडलं. वेल्डिंगचा टाका दिसला. दीड इंचाचा, शेवटाला डावीकडे वळलेला, मासेमारीच्या गळासारखा. त्याच्यापुढे दुसरा तसाच. आपलं अक्षर माणूस ओळखतो, तसं त्याने ते ओळखलं.

मेंगलेम्बूला यापच्या शेडमध्ये काम करताना त्याने अशा अकरा गाड्या जोडल्या होत्या. अपघातात एकीचं तोंड चेचलेलं असायचं, दुसरीचं बूड. चांगले अर्धे ठेवायचे, एकमेकांना जोडायचे, वरून रंग. मालक याप त्याला लग्न लावणं म्हणायचा आणि वेंग हसायचा. हात चांगला होता आणि ते त्याला ठाऊक होतं. मग त्यातली एक गाडी सिंपांग पुलाईहून डोंगरात चढणाऱ्या रस्त्यावर लॉरीला धडकली. चालवणारी मुलगी गेली. लिम पेक हार, वय सत्तावीस, औषधांच्या दुकानात नोकरी. पेपरातल्या फोटोत गाडीचे दोन तुकडे होते, मध्ये बरंच अंतर. याप म्हणाला, त्या वेगात कुठलीही गाडी फाटली असती. असेलही. ती जोडावरच फाटली की दुसरीकडे, हे फोटोत कळत नव्हतं. पाच दिवसांनी वेंग बसने ते तुकडे बघायला गेला, तोवर ते भंगारात चेपले गेले होते. आवारातल्या माणसाने विचारलं, "नातेवाईक का?" वेंगने मान हलवली. होय अशी हलवली की नाही अशी, ते त्याला कधीच आठवलं नाही.

त्यानंतर त्याने वेल्डिंग सोडलं. पुढच्या एकोणीस वर्षांत उरलेल्या दहांपैकी सहा गाड्या त्याच्या बोटांखाली आल्या. दर वेळी तो गंजाचं कारण सांगून गिऱ्हाईक परतवायचा, मग गाडी स्वतः भंगाराच्या भावात घ्यायचा आणि तशीच दाबयंत्राखाली घालायचा. जोड उघडून बघायची हिंमत त्याला झाली नव्हती. ही सातवी.

"सोडा ही," तो बाहेर येत म्हणाला. "आतून गंजलीय."

"किती?"

"बरीच."

"बरीच म्हणजे किती? शाळेच्या बसचं काम मी उभं राहून करून घेतलंय, सिफू. गंजका पत्रा कापून नवा लावतात. तुम्हीच लावून द्या."

"मी वेल्डिंग करत नाही."

"मग दुसरं कोणी करेल. आकडा सांगा, मी लिहिते."

एरवी गंज म्हटलं की माणसं निघून जायची. ही बाई पेन घेऊन उभी होती.

"बरं, एक राहिलं," रोहानी म्हणाली. "माझी बहीण म्हणाली, तेवढं विचारूनच ये. या गाडीत कोणी मेलेलं नाही ना?"

"छे छे, ताई!" बून म्हणाला. "एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. शपथ घेतो."

हा प्रश्न वेंगला बहुतेक प्रत्येक गाडीपाशी विचारला जायचा. पत्र्याला आठवण नसते, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आता ते ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. हिरव्या रंगाखाली मागचा भाग पांढरा होता. चिनी नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी तोंडाकडून चिरडलेल्या गाडीचा. दोघं होती आत, दोघंही गेली. रबरी नळीने तो भाग धुतला होता वेंगनेच. डिकीत संत्र्यांची पेटी निघाली, एकही संत्रं फुटलेलं नव्हतं. यापने ती शेडमध्ये सगळ्यांना वाटली. वेंगने दोन खाल्ली होती. गोड होती.

"पुढच्या अर्ध्या भागात नाही," तो म्हणाला.

बून म्हणाला, "सिफू, ऊन लागलं का तुम्हाला? सावलीत या."

वेंगने गालिचा उचलून धरला. "बोट लाव इथे. दारापासून दारापर्यंत आहे. दोन गाड्यांची एक केलीय."

बूनने बोट लावलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं. "मी लिलावात घेतली ही. आईच्यान्, मला माहीत नव्हतं."

"माहीत आहे मला. तुला कुठून माहीत असणार?"

"कोणी जोडली?" रोहानीने विचारलं.

"मी."

तिने वही मिटली, बोट पानात तसंच ठेवून. "चांगली जोडली होती?"

वेंगने तिला डोंगरातल्या गाडीबद्दल आणि न उघडताच दाबून टाकलेल्या सहा गाड्यांबद्दल सांगितलं. मुलीचं नाव आणि वयही सांगितलं. चार-पाच वाक्यांत संपलं सगळं. एकोणीस वर्षं न बोललेली गोष्ट एवढीशी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"त्या गाडीचा जोड सुटला होता?"

"माहीत नाही."

"आणि हा सुटेल?"

"माहीत नाही, पुआन."

रोहानी गाडीभोवती एक फेरी मारून आली. दुमडलेल्या छपरावरून तिने हात फिरवला. गाडी तिला हवी होती, अजूनही, ते तिच्या हातावरून दिसत होतं. "मग असं करू," ती म्हणाली. "मी चालवते, तुम्ही बाजूला बसा. तांबुनपर्यंत जाऊन येऊ. तुम्ही बसलात तर मी घेते गाडी, आणि पुढचं काय ते माझं मी बघेन."

ती चाकामागे जाऊन बसली. वेंग पलीकडच्या दाराशी गेला. त्याचा डावा हात दाराच्या मुठीवर होता. बून त्याच्याकडे बघत होता, रोहानी समोर, आवाराच्या फाटकाकडे. रस्त्यावरून एक लॉरी गेली, मग मोटरसायकली. वेंगने मुठीवरचा हात काढला आणि पँटला पुसला.

"झालं तर," रोहानी म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती उतरली आणि दुमडलेल्या छपरावर वही ठेवून तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. वेंगला ते उलट्या बाजूने वाचता आलं. 'तपासणाऱ्याने बसण्यास नकार दिला.'

बूनने तिची आगाऊ रक्कम परत दिली. जाताना ती वेंगला म्हणाली, "कापणार असाल ना ही? मग या वेळी आत काय निघतं ते बघा. आणि मला कळवा. खाली एक ओळ रिकामी सोडलीय."

ती गेल्यावर बून बराच वेळ पायाने खडी उकरत राहिला. "मागच्या वर्षी माझी ती लाल गाडी तुम्ही गंज म्हणून पाडलीत," तो म्हणाला. "तीपण?"

"तीपण."

"काय माणूस आहात तुम्ही!" त्याने किल्ली फेकली. "घेऊन जा. अर्धेच पैसे द्या. अर्धीच तर गाडी आहे."

जेलापांगला घरामागच्या शेडमध्ये वेंगला दोन दिवस लागले. त्याने आधी गाडी लाकडी ओंडक्यांवर घेतली, चाकं काढली, मग सीटबेल्टच्या पट्ट्यांच्या खांबांमागून, आपल्याच जुन्या रेघेवरून ग्राइंडर चालवला. उजवीकडे पातं तापून लाल झालं तरी टाका सुटेना. शेवटी त्याने तो तुकडा वेगळा कापून काढला. आतलं लोखंड जोडलं त्या दिवसासारखं चकचकीत होतं. मग तो डावीकडे गेला. तिथेही टाका शाबूत होता, गळासारख्या वळणासकट. त्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा मात्र हात लागताच बिस्किटासारखा चुरला. जोड घट्ट होता. ज्याला धरून राहायचं ते उरलं नव्हतं. वेंग तो तुकडा हातात घेऊन उकिडवा बसला. डोंगरातली गाडी जोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत पत्रा इतका गंजत नाही. की गंजतो, नळ्या तुंबल्या तर? मग ती गाडी नेमकी कुठे फाटली? त्याने तुकडा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

गुरुवारी रोहानी आली. केळीच्या पानातला चिकट भात डब्यात घालून आणला होता. वेंगने दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले. तिने आधी उजवा बघितला, मग डावा. डाव्याचा चुरा तिच्या तळहातावर पडला. तो तिने झटकला नाही.

"म्हणजे तुमची चूक होती की नव्हती?"

"यावरून कळत नाही."

"काय लिहू मग?"

"ओळ रिकामीच ठेवा," वेंग म्हणाला. "अजून तीन आहेत कुठेतरी."

शेडच्या मधोमध गाडीचा पुढचा अर्धा भाग ओंडक्यांवर उभा होता, दोन आसनं, स्टिअरिंगचं चाक, समोरची काच सगळं जागच्या जागी. मागचा भाग भिंतीशी होता, तोंड भिंतीकडे करून. रोहानीने पुढच्या भागाभोवती फेरी मारली, तशीच, सावकाश.

"या अर्ध्यात कोणी मेलेलं नाही ना?"

"नाही."

"एकदा बसू?"

वेंगने जाऊन ओंडके हाताने हलवून पाहिले. मग मान हलवली. रोहानी चपला काढून आत चढली. चाकावर हात ठेवून तिने समोर पाहिलं. शेडच्या उघड्या दारातून चुनखडीचा डोंगर दिसत होता. तिने आरसा आपल्या उंचीला आणला. आरशात भिंतीशी उभा असलेला मागचा भाग दिसत असणार.

वेंग पलीकडच्या दाराशी उभा होता. थोड्या वेळाने त्याने ते उघडलं. गालिचा तिथे आता नव्हताच. तो आत बसला, गुडघे जवळ घेऊन, दार ओढून लावलं.

"दुसऱ्या गिअरला जपून," तो म्हणाला.

"लिहिलंय मी."

मग त्याने खांद्यामागचा पट्टा खेचला, छातीवरून घेऊन कुलपात अडकवला, आणि लागलाय की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.