वाशिंदच्या गच्चीवर चार बोटं माती

मित्रांनो, मी वाशिंदमधल्या एका तीन मजली इमारतीची जुनी गच्ची आहे. तुम्ही मला पाहिले नसेल. गच्चीकडे खालून कुणी बघत नाही, आणि वर येतात ते टीव्हीचा अँटेना हलवायला. त्यांचे लक्ष आकाशाकडे.

माझा जन्म १९९५ सालचा. जिथे मी उभी राहिले तिथे आधी भाताची खाचरे होती. स्लॅब पडल्यावर माझ्यावर सिमेंटचे बारीक बांध घालून पाणी साठवून ठेवले. तीन आठवडे मी हुबेहूब खाचरासारखी दिसत होते. एक बगळासुद्धा फसला. दोनदा चोच आपटून निघून गेला. मग बांध फोडले आणि मी कामाला लागले. माझे काम म्हणजे तापणे.

ते मी मन लावून केले. दिवसभर ऊन प्यायचे आणि खालच्या दोन घरांत सोडायचे. एका घरात कारखान्यात नोकरी करणारा महेंद्र आणि त्याची बायको वंदना. दुसऱ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जगनराव. पुढे मी गळू लागले, तेव्हा सोसायटीने मला डांबराचा जाड थर दिला. काळी झाल्यावर मी आणखीच मन लावून तापू लागले.

२००२ साली महेंद्रचे वडील सोमा गेले. त्याची आई चिमाबाई गावी, शेणव्याच्या घरात एकट्या उरल्या. एकदा ओट्यावर चक्कर येऊन पडल्या, म्हणून महेंद्रने त्यांना इकडे आणले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, "म्हैनाभर बघते रं. नाय करमलं तं जाईन."

करमण्यासारखे इथे काही नव्हते. चौथ्या दिवशी त्या जिना चढून आल्या, चौफेर पाहिले आणि म्हणाल्या, "एवढं रान मोकळं पडलंय!" मला रान म्हणणारे हे पहिलेच माणूस.

त्यानंतर त्या दर आठवड्याला जीपने शेणव्याला जात आणि गोणीभर माती घेऊन येत. जीपवाला चेष्टा करी, "आजी, लोक गावावरनं तांदूळ आनतात, तुमी माती?"

"तांदूळ दुकानात भेटतो. माती भेटते का तुज्या दुकानात?"

असे करत माझ्यावर चार बोटे माती झाली. त्यात वाल आला, माठ आला, काकडीचा वेल कठड्यावर चढला. फुलपाखरे आली, बुलबुल आले. पूर्वी पावसाचे पाणी माझ्या अंगावरून धावत जाऊन फाटकात तळे करायचे. आता मी ते सावकाश, घोटघोट सोडू लागले. उन्हाळा आला तेव्हा वंदना म्हणाली, "आई, पंखा एकवर ठेवला तरी चालतो आता!" शेजारी जगनरावांनाही गार वाटले. त्यांनी त्याचे श्रेय नव्या पंख्याला दिले.

महिन्याची बोली वर्षभर लांबली. आणि मग चिमाबाईंच्या मनात आले की एका कोपऱ्यात भाताचे रोप टाकावे.

मित्रांनो, आमच्या शहापूर-मुरबाडकडे रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून पेटवतात. त्याला राब भाजणे म्हणतात. तण मरते, राखेचे खत होते. चिमाबाईंनी पन्नास वर्षे राब भाजल्याशिवाय रोप टाकले नव्हते. वैशाखातल्या एका सकाळी, महेंद्र कामावर गेल्यावर, त्यांनी माझ्यावर राब भाजला.

कडेला माती विरळ होती. डांबर वितळले, पावसाच्या पाण्याच्या पाइपातून निघाले, आणि इमारतीच्या नव्या पिवळ्या रंगावरून थेट जगनरावांच्या खिडकीपर्यंत ओघळले.

जगनराव बादली घेऊन धावत आले. "आजी! ही सोसायटीची गच्ची हाय, तुमची शेती नाय!"

"आरं, राब नाय भाजला तं तन माजंल. तुज्या म्हसा गावात भाजत नाय का?"

भाजत होते. लहानपणी जगनरावांनी स्वतः शेणाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पण सेक्रेटरी झाल्यापासून त्यांनी ते विसरायचे ठरवले होते. संध्याकाळी मीटिंग झाली: दोन दिवसांत सगळी माती खाली.

चिमाबाई भांडल्या नाहीत. "चुकी माजी. इस्तू दिसला, डांबर नाय दिसलं." मग हळूच म्हणाल्या, "माती जाते तं मी पन जाते."

महेंद्रचा चेहरा उतरला. "आये, तिकडं तुला बघायला कोन हाय?"

"आनि इथं मी कोनाला बघू?"

मातीच्या गोण्या इमारतीमागे पडल्या. चिमाबाई जीपमध्ये बसून गेल्या. मी पुन्हा काळी, मोकळी. तापण्याशिवाय मला दुसरे काही येत नव्हते; मी तापले. जगनरावांनी आणखी एक पंखा आणला.

नवव्या दिवशी भर दुपारी ते महेंद्रला घेऊन वर आले. त्यांची चप्पल माझ्या डांबराला चिकटली. ती ओढून काढता काढता त्यांनी विचारले, "आजी बऱ्या आहेत ना?"

"परवा परत चक्कर आली. शेजारच्यांनी उचलून घरात नेलं. इकडं यायला तयार नाय."

"पंखा नवाच होता रे माझा," जगनराव म्हणाले. "म्हंजे गारवा आजीचा होता."

मग सोसायटीने माझे डांबर खरवडले. पाणी झिरपणार नाही असा पक्का थर देऊन वर फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवले. त्या रविवारी जगनराव स्वतः शेणव्याला गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. गच्चीला सगळे दिसत नाही. मला दिसले ते इतके: जिन्यातून पाठीवर गोणी घेतलेले, घामाघूम सेक्रेटरी, आणि मागून हुकूम सोडत येणाऱ्या चिमाबाई.

"जगन्या, भोकाच्या तोंडाशी वतू नको! पानी कुटनं जाईल?"

जगनरावांना जगन्या म्हणणारे सोसायटीत दुसरे कुणी नव्हते. त्यांना ते आवडले असावे, कारण ते मुकाट्याने दुसरी गोणी आणायला खाली गेले.

मित्रांनो, तुमच्याही डोक्यावर माझी एखादी बहीण मुकाट तापत असेल. एकदा वर जा. आधी गळती बुजवा, पाण्याची वाट मोकळी ठेवा, मग तिला पेलेल एवढी माती पसरा. खालचे शेत तुम्ही घेतले आहे. थोडेसे वर परत ठेवा. माती न्यायला तीन जिने चढावे लागतात, हे मात्र खरे.

जगनराव अजून चढतात.