एका हातावरची गाय

चरवीची कडी खणकली. दुपारभर घर इतकं गप्प होतं की त्या एवढ्याशा आवाजानं माझ्या मांडीवर झोपलेली संस्कृती दचकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कान देऊन बसले.

कडी पुन्हा वाजली, मग पावलं अंगणातून गोठ्याकडे गेली. माझी मोठी जाऊ, भागूताई, मोगरीची धार काढायला निघाली होती. माझी चरवी, माझी गाय. महिन्यापूर्वी हा आवाज माझ्या हातचा असायचा. मला राग यायला हवा होता, पण मी गालातल्या गालात हसले आणि पुढ्यातल्या नकाशावर जैसलमेर शोधू लागले.

त्या साली टोमॅटो चांगला गेला होता. सुमो भाड्यानं करून दिवाळीनंतर राजस्थान बघायला जायचं, असं पुरुषांनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे 'जायचं' एवढंच ठरवलं. कुठं उतरायचं, काय काय बघायचं, ते माझ्यावर टाकलं, कारण घरात बारावी झालेली मी एकटी. संस्कृतीचे पप्पा म्हणाले, "तुला वाचायची लई हौस हाये ना, मग तूच काढ हुडकून." पोरगी झोपली की मी जुन्या शाळेच्या पुस्तकातला नकाशा आणि ओतूरहून आणलेली मासिकं घेऊन बसायची. तेवढाच तासभर माझा.

त्या तासात मी दोन कामं करत होते. एक सहलीचं, ते सगळ्यांना माहीत होतं. दुसरं म्हणजे या सहलीला भागूताई येणार नाही, हे बघायचं.

मागच्या दिवाळीत सगळे कोकणात गेले होते, समुद्र बघायला. मी राहिले, मोगरीसाठी.

आमच्या घरात नवी सून आली की एक कालवड तिच्या हाताला लावतात. म्हणजे पेंड तिनंच द्यायची, अंगावरून हात तिनंच फिरवायचा, आणि कालवड व्याली की धारही तिनंच काढायची. माझ्या वाट्याला मोगरी आली. एका हातावरची गाय. बाकीच्या गाया कुणीही पिळाव्यात, पण मोगरी परक्या हाताला पान्हाच सोडायची नाही. शेजारचा भिका एकदा बसला, तर एका लाथेत चरवी उकिरड्यावर गेली. आणि पिळली नाही तर कास दगडासारखी होते, सड जातो. तेव्हा मी घरी राहणं भाग होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. मोठे दीर भरतभाऊ म्हणाले, "पुढल्या टायमाला तुमाला आधी नेऊ." मी बरं म्हटलं.

पण संस्कृतीला भागूताई घेऊन गेली. साडेतीन वर्षांची होती पोर. "मी हाये ना, तू कशाला काळजी करती," म्हणाली.

परत आल्यावर फोटो धुऊन आणले. माझ्या लेकीनं पहिल्यांदा समुद्र बघितला तो भागूताईच्या कडेवरून. एका फोटोत लाट पायाला लागल्यावर तिनं डोळे गच्च मिटलेत, आणि तोंड खुपसलंय भागूताईच्या मानेत. ते तोंड खुपसणं माझं होतं. ती जागा माझ्या मानेवर अजून आहे.

तरी मी तेही गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दूध घालायला डेअरीवर गेलो, तिथं पाच-सहा बाया होत्या. साळुबाईनं सहज विचारलं, "आरती, तू न्हाई गेली?" माझ्या आधी भागूताईच बोलली. "तिला गाय बरी. आन पोरगी तर एक दिस सुदिक आईचं नाव काढून रडली नाय. मला म्हणती, तूच माजी आई." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन चरवी घासताना तिच्या बुडाचा पोचा बघत बसले आणि ठरवलं.

घाई केली नाही. अकरा महिने तिच्या ताटात मी आधी वाढलं.

राजस्थानचं निघालं तसं माझं काम सुरू झालं. आधी तिची हौस वाढवली. ज्याला जायचंच नाही त्याला मागं ठेवून काय मिळतं? संध्याकाळी मी भाकरी थापायची, ती भाजायची, आणि मी एकेक जागा सांगायची.

"भागूताई, जैसलमेरचा किल्ला आहे ना, त्यात अजून माणसं राहतात. दुकानं आहेत आत. आरशाच्या ओढण्या मिळतात."

"किल्ल्यात दुकान? आपल्या शिवनेरीवर लिंबूपाणी मिळायची मारामार."

"आणि पुढं सम म्हणून गाव आहे, तिथं वाळूत तंबूत राहायचं. समोर बायका घागरे घालून नाचतात. बघणाऱ्यांनाही उठवतात म्हणे."

"मग तुझ्या दिराला घरीच ठिवू," ती म्हणाली, आणि भाकरी उलटताना खुदकन हसली.

सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीपासून लांब बसून ऐकायच्या. बिकानेरकडं उंदरांचं देऊळ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मी नाय येणार तिथं. घरचे उंदीर काय कमी हायेत का, दर्शनाला लांब जायला." त्यांच्यासाठी मी यादीत पुष्करचं स्नान घातलं. उदयपूरचं तळं मात्र भागूताईसाठी घातलं. तिला नावेत बसायला आवडतं, मागच्या साली फार सांगत होती.

पंधरा दिवसांत तिनं ओतूरच्या टेलरकडं पंजाबी ड्रेस टाकला. आमच्या घरात सुनेनं ड्रेस घालायची ही पहिलीच वेळ. आत्याबाईंनी एक दिवस तोंड फुगवलं, मग "वाळवंटात कोण बघतंय" म्हणून सोडून दिलं. काळा गॉगलही आणला तिनं. आरशापुढं घालून मला विचारायची, "कशी दिसते गं?" मी म्हणायची, "हिरोईन." खोटं नव्हतं ते, तिला शोभायचा.

गणपती उठल्यावर माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. झालं म्हणजे मी हळद-चुना लावून चिंधी बांधली आणि कण्हू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "भागू, तू बसून बघ बरं मोगरीला."

"मला लाथ मारंल ती."

"नाही मारणार," मी म्हटलं. "मी सांगते तसं करा."

आणि मी सगळं सांगितलं. कोमट पाण्यानं कास कशी धुवायची, डाव्या कानामागं कुठं खाजवायचं, गुळाचा खडा आधी नाही, पान्हा सुटल्यावर द्यायचा. सहा वर्षं मोगरीनं आणि मी मिळून जमवलेलं होतं ते, आमचं दोघींचं. एकेक करून भागूताईच्या हातावर ठेवलं. पहिले चार दिवस मी मोगरीच्या तोंडाशी उभी राहिले, ती माझ्याकडं बघत होती आणि दूध भागूताईच्या चरवीत जात होतं. पाचव्या दिवशी मी गोठ्यात गेलेच नाही. ती हंबरली. मी मिक्सर लावला.

नंतर लाळ-खुरकताची लस द्यायला जनावरांचे डॉक्टर आले. एरवी नाक भरतभाऊ धरायचे. मी म्हटलं, माझी सवय आहे तिला, मीच धरते. नाकपुड्यांत बोटं घालून मान वर ओढली आणि सुई टोचली तेव्हा तिच्या डोळ्यासमोर मी होते. संस्कृती दाराशी उभी होती. "आई, तिला दुखतंय," म्हणाली. आठ दिवसांनी जंताचं औषध पाजायचं होतं, तेही मीच पाजलं. औषध कडू असतं. मोगरी दुसऱ्या दिवशी माझी चाहूल लागताच दावं ताणून मागं सरली.

भागूताई खुशीत होती. डेअरीवर त्याच बायांपुढं सांगायची, "आरतीपेक्षा माझ्या हाताला लिटरभर जास्त सोडती. जनावराला माणूस कळतंय." मी शेजारीच उभी असायची. "खरंय," म्हणायची, "आता ती त्यांचीच झाली." मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, म्हणजे साळुबाईच्या ध्यानात राहावं.

वसुबारसेला सगळे गोठ्यात जमले. गवारीची भाजी-भाकरी गाईला द्यायची, पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं. मान माझा, मोगरी माझ्या हाताला लावलेली. मी ताट घेऊन पुढं झाले. मोगरीनं फुसकारा टाकला, मागं सरली, आणि मान अशी झटकली की निरांजन पेंढ्यावर पडलं. भरतभाऊंनी पायानं विझवलं.

"हिला काय झालं?" संस्कृतीचे पप्पा म्हणाले.

मी हळूच चरवी घेऊन बसले. सडाला हात लावला, आणि लाथ माझ्या मनगटावर बसली. ती लाथ मात्र मी ठरवलेली नव्हती. मनगट सुजलं, आणि काय सांगू, हातापेक्षा दुसरीकडंच लागलं.

भागूताईनं मला बाजूला केलं. कानामागं खाजवलं. मोगरी शहाण्यासारखी उभी राहिली आणि चरवीत धारेचा आवाज सुरू झाला.

आत्याबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ही आता भागूच्या हातावर गेली. भागू, तुला ऱ्हावं लागंल, बाई. मामा हायेत जोडीला, रानात पाणी द्यायला त्यांना थांबायचंच हाये." मामा म्हणजे आमचे सासरे.

धारेचा आवाज मधेच थांबला. भागूताई मान वर न करता म्हणाली, "मी? माझा ड्रेस शिवून आलाय."

भरतभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "पुढल्या टायमाला तुला आधी नेऊ."

शब्दाला शब्द तोच. मी खाली वाकून पेंढ्यातलं निरांजन उचललं, म्हणजे माझं तोंड कुणाला दिसलं नसतं.

भाऊबीजेनंतर उन्हं अंगणात आल्यावर सुमो निघायला तयार झाली. डिकीत भडंग, चिवडा, आत्याबाईंची वळकटी. भागूताईचा पोरगा गोकुळ पुढच्या सीटवरून उतरायला तयार नव्हता, आईला टाटासुद्धा गाडीतूनच केला. मी संस्कृतीला घेऊन गोठ्यात गेले. सांगून निघायची रीत आहे.

भागूताई मोगरीच्या बुडाशी बसली होती. पाठ आमच्याकडं.

"येते, भागूताई."

"या." धार चालूच. मग म्हणाली, "पोरीला उंटावर एकटी बसवू नको. उठताना तो पुढं झुकतो म्हणं. छातीशी धर."

"धरीन."

तिनं पदराच्या गाठीतून गॉगल काढला आणि मागं न बघता संस्कृतीपुढं धरला. "घे गं. वाळू डोळ्यात जाईल." संस्कृतीनं लावला, नाकावरून घसरला, तिनं परत लावला.

आम्ही वळलो, तर भागूताई म्हणाली, "आरती, नखुरडं बरं झालं का गं?"

मी थांबले. तिची पाठ तशीच होती. धार तशीच.

"कवाच," मी म्हटलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली.

गाडी ओढ्यापाशी वळली तेव्हा मी मागं बघितलं नाही. मला वर्षभराचं जड काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, आणि ते खरं होतं. संस्कृती माझ्या मांडीवर चढली, वाऱ्यानं डोळे मिटले आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं. बरोबर त्याच जागी. मी तिला घट्ट धरलं. मला हवं होतं ते सगळं माझ्याकडं होतं.

मग तिनं तोंड बाहेर काढलं, दोन्ही हातांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि माझ्या सुजलेल्या मनगटाकडं बघत विचारलं,

"आई, आपण परत आल्यावर मोगरीला पुन्हा तुझी करायची, तर आता कुणी तिचं नाक धरायचं?"